केरबानानांनी बूट कसे निवडले

एका जंगलात सगळे म्हातारे पळत होते. का पळत होते ते सांगतो, आधी नीट मांडी घालून बसा. नाक पुसा. मागच्यांनी पुढच्यांच्या वेण्या ओढू नयेत, पुढच्यांनी मागच्यांकडे बघून जीभ काढू नये. मोठ्यांची गोष्ट चाललीय, तिथे वेडेपणा करायचा हक्क मोठ्यांचा.

तर बाळांनो, त्या जंगलाचा राजा होता एक बिबट्या. त्याला सगळे बिबळेसाहेब म्हणत. तरुणपणी साहेब स्वतः पळून शिकार करायचे. पुढे त्यांचे गुडघे बोलू लागले. उठताना कट, बसताना कट. दबा धरून बसले की तो आवाज ऐकूनच भेकरं पसार व्हायची. साहेबांनी दोन महिने उंदरांवर काढले.

मग साहेबांनी डोकं चालवलं. गुडघे चालेनासे झाले की बाकी काही तरी चालवावंच लागतं. त्यांनी जाहीर केलं की जंगलातल्या ज्येष्ठांच्या तब्येतीची आपल्याला फार काळजी वाटते. सबब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी 'ज्येष्ठ आरोग्य दौड' होईल. वडाच्या पारापासून निघायचं, करवंदीच्या टेकाडाला वळसा घालायचा, ओढा ओलांडायचा आणि साहेबांच्या गुहेसमोर चुन्याची रेषा मारलीय तिथे पोचायचं. रेषा ओलांडील त्या प्रत्येकाला पदक, प्रमाणपत्र आणि एक केळं. आणि रेषा ओलांडणाऱ्यांत जो शेवटचा, त्याला साहेबांकडे नाश्त्याचं आमंत्रण.

नाश्त्याला गेलेला परत येत नसे.

तुम्ही विचाराल, मग ते म्हातारे पळायला जातच का होते? शहाणे आहात. अजून लहान आहात म्हणून शहाणे आहात. जो पळत नसे त्याला पदक मिळत नसे. ज्याला पदक नाही त्याचा फोटो 'पळापळ परिवार' या ग्रुपवर येत नसे. आणि ज्याचा फोटो ग्रुपवर नाही तो अजून आहे की गेला, अशी चौकशी सुरू होई. त्यापेक्षा पळालेलं बरं. शिवाय प्रत्येकाला खात्री होती की शेवटचा येणार तो दुसरा कोणीतरी. अकरा महिन्यांत अकरा जणांची ही खात्री चुकली होती. पण बाकीच्यांची दर वेळी बरोबर निघाली होती, त्यामुळे एकंदर जनमत दौडीच्या बाजूने होतं.

या म्हाताऱ्यांत एक होते केरबानाना. चौशिंगा हरीण. चौशिंग्याला चार शिंगं असतात, नानांना तीन होती. चौथं तरुणपणी एका लग्नात मोडलं. लग्न दुसऱ्याचं होतं, एवढंच नाना सांगत, पुढचं विचारलं की खोकत.

गेल्या दौडीत नाना शेवटून दुसरे आले. मागे फक्त धर्माण्णा रानडुक्कर होता. रेषा चार पावलांवर आली तेव्हा धर्माण्णाचा गरम श्वास नानांच्या शेपटीला लागत होता. नानांनी डोळे मिटून उडी घेतली. डोळे उघडले तेव्हा गळ्यात पदक होतं, आणि बिबळेसाहेब धर्माण्णाच्या पाठीवर पंजा ठेवून म्हणत होते, "या धर्माण्णा. संकोच करू नका, आपलंच घर आहे."

दुपारी ग्रुपवर मेसेज आला : 'आपले लाडके धर्माण्णा आज साहेबांकडे नाश्त्याला गेले.' खाली चौतीस जणांनी हात जोडले. एकाने चुकून केक पाठवला.

नानांनीही हात जोडले आणि मग खुराने मातीत रेघा मारत बसले.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तिचं नाव चंपाकाकू. तीही चौशिंगीच, नानांच्याच बरोबरीची. पण तिने स्वतःचं वय आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे ज्येष्ठांच्या यादीत तिला घालायची कुणाची छाती झाली नव्हती.

"पुढच्या महिन्यात माझ्या मागं कोण राहणार, ते मोजतोय," नाना म्हणाले.

"वामनराव साळिंदर?"

"तो पुढं असतो. काटे मागच्याला लागतात, म्हणून जवळ कुणी जात नाही."

"अप्पासाहेब रोही?"

"त्याची एक टांग म्हणजे माझी चार पावलं."

"यमुनाबाई घोरपड?"

"ती सरपटते, पण थांबत नाही."

चंपाकाकूने पुढची पाच नावं मनातच मोजली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हीच."

"मीच."

"भाजी कमी घालायची म्हणजे पुढच्या महिन्यापासून."

नानांनी तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत होती, पण तिचे कान खाली पडले होते.

नानांचं पळणं तसं वाईट नव्हतं, बरं का. दम होता, हाडं हलकी होती. दुखणं होतं ते पुढच्या डाव्या खुरात. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की तळातून खिळा वर यायचा. टेकाडाच्या उतारावर तर जमीनच त्यांना चावायची. आजवर नाना अनवाणीच पळत आले होते. त्यांचा बाप अनवाणी पळायचा, आजा अनवाणी पळायचा. दोघांनाही वाघाने खाल्लं, पण ते नाना सांगत नसत.

"बूट घ्या," चंपाकाकू म्हणाली. "सगळे घेतायत."

जंगलात बुटांचं दुकान एकच. दिगूशेठ तरसाचं. तरस तुम्ही पाहिलाय का? त्याचे मागचे पाय आखूड असतात. चालतो तेव्हा पाठ उतरणीला लागल्यासारखी दिसते. असा प्राणी पळायचे बूट विकत होता आणि सगळं जंगल त्याच्याकडून घेत होतं. यात हसायचं काय? तुमच्या बाबांना केस वाढायचं तेल कोण विकतं ते जाऊन बघा.

"या नानासाहेब," दिगूशेठ हसत म्हणाला. तरस आहे, हसतच असतो. "हा बघा. हा घातला की बूटच पळतो. आपण नुसतं वर बसायचं."

बूट पोपटी होता. तळाला उशीएवढी गादी होती, बाजूला वीज काढली होती आणि टाचेत दिवा लागत होता.

"दिवा कशाला?"

"मागच्याला दिसावं म्हणून, कोण पुढं गेलं."

नाना खूश झाले. "माझं माप नऊ," ते म्हणाले. "लग्नात नऊच होतं."

"तर मग नऊच. माणूस बदलतो, माप बदलत नाही."

नानांनी पुढच्या डाव्या पायात बूट घातला. म्हणजे अर्धा खूर घातला. उरलेला दिगूशेठने गुडघा लावून घातला. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"टोचतोय," नाना म्हणाले.

"सैल होईल."

"कधी?"

"हळूहळू. तुम्ही आणि बूट, दोघंही एकमेकांना ओळखायला लागाल."

"बाकीचे तीन दाखवा."

दिगूशेठने फडताळात डोकं घातलं. बऱ्याच वेळाने बाहेर काढलं. "पोपटीत तीनच आहेत. चौथा गुलाबी चालेल का? सध्या तेच चालतंय."

नाना घेणारच होते. पण एवढ्यात बुटातला खूर असा काही ठणकला की त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घरी विचारून येतो." लग्न झालेल्या प्राण्याला हे एक वाक्य फार उपयोगी पडतं. मोठे झालात की कळेल.

लंगडत परत येताना वाटेत मोहाच्या झाडाखाली जनाक्का अस्वलीण बसली होती. जनाक्का चामडं शिवायची. मधमाश्यांच्या पोळ्यात हात घालून घालून तिची कातडी राठ झाली होती, जीभ त्याहून राठ होती. तिच्याकडे कुणी फारसं जात नसे. ती बूट तपकिरीच करायची, आणि गिऱ्हाइकाला खरं सांगायची.

"नाना, लंगडतोस का रे?"

"दिगूशेठचा बूट घालून बघितला."

"घालून एवढा लंगडतोस, घेऊन किती लंगडला असतास?" जनाक्का म्हणाली. "दाखव पाय. असा नको, उभा राहून दाखव. बसल्यावर पाय खोटं बोलतो."

नाना उभे राहिले. जनाक्काने वाकून खूर पाहिले. आधी पुढचे, मग मागचे. आतल्या बाजूची झीज बोटाने चाचपली.

"डावा आत कलतो तुझा. म्हणून दुखतो. माप किती सांगितलंस त्याला?"

"नऊ."

"कधीचं नऊ?"

"लग्नातलं."

"लग्नातली बायको तरी तेवढीच राहिलीय का? म्हातारपणी पाय पसरतो, नाना. लांबतोही. तळाची चरबी झडते, म्हणून जमीन टोचते. आणि आत्ता सकाळी माप घेऊन उपयोग नाही. दिवसभर हिंड, संध्याकाळी ये. तेव्हा पाय फुगलेला असतो, पळताना फुगतो तसा."

संध्याकाळी नाना गेले. जनाक्काने चारही पायांचं वेगवेगळं माप घेतलं, कारण चारही वेगवेगळे होते. आठवड्याने बूट दिले. तपकिरी, रुंद, दिसायला दोन उकडलेल्या रताळ्यांसारखे, असे दोन जोड. पुढे अंगठाभर जागा मोकळी. तळाला गादी होती, पण बेताची, पायाला जमीन कळेल इतपत.

"टेकाडापर्यंत पळून ये," ती म्हणाली. "कुठंही टोचलं तर सांग. सैल होईल म्हणणाऱ्याच्या दुकानात परत जाऊ नये. आणि शर्यतीच्या दिवशी कोरे घालू नकोस. आधी पंधरा दिवस घरात, शेतात, ओढ्याला घालून हिंड."

नाना पळून आले. कुठेही टोचलं नाही. उतारावर जमीन चावली नाही. त्यांना वाटलं की कुणीतरी आपले पाय काढून दुसरे दिलेत. चंपाकाकूला त्यांनी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "झालं ना समाधान, आता रेषा ओलांडा म्हणजे झालं."

आता गोष्ट इथंच संपली असती तर ती चांगल्या मुलांची गोष्ट झाली असती, आणि मी ती सांगितली नसती.

चार दिवसांनी नाना पारावर बसले होते. तिथं वामनराव साळिंदर आले. वामनराव पूर्वी शाळेत शिकवत. आता शाळा नव्हती, पण शिकवणं चालूच होतं. त्यांनी नानांचे बूट पाहिले आणि चष्मा वर केला.

"नाना, काल टेकाडावर तुम्हाला पाहिलं. बरे पळत होता. या बुटांमुळं का? मलाही घ्यायचेत. कसे निवडावेत, सांगा तरी."

नाना म्हणजे भला प्राणी. त्यांनी सांगायला तोंड उघडलं. संध्याकाळी माप, मोकळं बोट, पळून बघणं, सगळं जिभेच्या टोकावर आलं. आणि तिथंच अडकलं. वामनराव नानांच्या पुढे फक्त दहा पावलं असायचे. वामनरावांनी असे बूट घातले तर ती दहाची वीस होतील. मग मागे कोण?

नानांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर आलं.

"माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, वामनराव. पाय ताजा असतो तेव्हा."

"तर्काला धरून आहे," वामनराव म्हणाले.

"आणि घट्ट घ्यायचा. बूट म्हणजे पायाला शिस्त."

शिस्त म्हटल्यावर वामनरावांचे काटे आनंदाने उभे राहिले. "पण टोचला तर?"

"टोचतोय म्हणजे काम करतोय. गोड औषध कधी लागू पडलंय का?"

"अगदी बरोबर. पण नाना, तुमचे मात्र असे... रताळ्यासारखे?"

नाना मान खाली घालून म्हणाले, "आम्ही साधे लोक. तुम्हाला शोभतील का हे? तुमचं समाजात काही स्थान आहे."

वामनराव तिथून थेट दिगूशेठकडे गेले. त्यांना माहीत होतं की आपलं समाजात स्थान आहे. ते ओळखणारं कुणीतरी भेटायचंच राहिलं होतं.

वामनरावांना एखादी गोष्ट कळली की ती सगळ्या जंगलाला कळायची, त्यांच्या सहीने. रात्रीपर्यंत ग्रुपवर 'बूट : एक चिंतन' नावाचा मेसेज फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या दाराशी रांग लागली.

अप्पासाहेब रोही आले. रोही म्हणजे नीलगाय, एवढं मोठं जनावर, सासऱ्याच्या कृपेने एकदा सरपंच झालेलं. त्यांना नानांनी सर्वांत जाड गादीचे बूट सांगितले. "तुमच्यासारख्या वजनदार माणसाचा पाय जमिनीला लागणं बरं दिसत नाही," म्हणाले. अप्पासाहेबांनी चार बोटं जाडीचे घेतले. मग मनाचं समाधान होईना, म्हणून आत आणखी एक गादी घातली.

यमुनाबाई घोरपड आल्या. "मला रंग कुठला खुलेल हो नाना?" त्यांनी विचारलं.

"लाल. बूट आधी डोळ्यात भरला पाहिजे. पायाचं काय, पाय खालीच असतात."

"आणि कधीपासून घालू?"

"शर्यतीच्या सकाळीच खोक्यातून काढा. दसऱ्याला कोरं लुगडं नेसता की आदल्या आठवड्यात नेसून बघता?"

यमुनाबाईंना ते इतकं पटलं की जाताना त्यांनी नानांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं. घोरपडीला फार वाकावं लागत नाही.

असे आठ जण होते, आठही जण आले. कुणी एकानंही विचारलं नाही की नाना, तुम्ही गेल्या महिन्यात शेवटून दुसरे आलात, तुमचा सल्ला आम्ही का घ्यावा. कारण सल्ला फुकट होता आणि मनासारखा होता. एवढं असल्यावर लोक देणाऱ्याच्या पायाकडे बघत नाहीत. पुढे तर पारावर नानांचं व्याख्यान झालं. शाल आणि नारळ देऊन वामनरावांनी त्यांचा सत्कार केला आणि स्वतःच पाऊण तास बोलले.

जनाक्का मागे उभी राहून ऐकत होती. सगळे पांगल्यावर ती नानांना म्हणाली, "माझंच सांगतोस रे, उलटं करून."

नाना हसले. "तुझं सरळ सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं का? तू इतकी वर्षं सांगतेस, किती जणांनी ऐकलं?"

जनाक्का मोहाखाली जाऊन बसली. खरं सांगणाऱ्यांना बसायला जागा भरपूर असते.

घरी चंपाकाकूने विचारलं, "एवढ्या सगळ्यांना कशाला नादी लावलंत?"

"एखाद्यालाच बिघडवलं आणि त्याचा बूट नेमका नीट बसला तर? खात्री असलेली बरी."

नानांना त्या आठवड्यात फार शांत झोप लागली. खुरातला खिळा गेला होता. काळजातला खिळा त्यांनी आठ जणांना वाटून टाकला होता.

पहिला रविवार उजाडला. पारावर नऊ जण जमले. आठ जणांचे कोरे बूट असे चमकत होते की पाखरं बुजली. साहेबांचा कारकून मुंगसेभाऊ कानावर पेन लावून हजेरी घेत होता. मुंगसेभाऊ म्हणजे मुंगूसच, पण नियमाला धरून. "एक, दोन, तीन," तो म्हणाला आणि दौड सुरू झाली.

पहिल्या शंभर पावलांत वामनरावांना शिस्त लागली. दोनशेव्या पावलाला त्यांच्या चारही पायांची नखं एकमेकांवर चढली. "काम करतोय," ते दात दाबून म्हणाले, "काम करतोय." यमुनाबाईंच्या कोऱ्या बुटांनी टाचेला फोड आणले, मग ते फोडले, मग त्यांच्या जागी नवे आणले. अप्पासाहेब टेकाडाच्या उतारावर आपल्या गाद्यांवरून असे डुलत आले की त्यांना बोट लागल्यासारखं मळमळलं. पायाखाली जमीन आहे की नाही तेच कळेना. एका उंचवट्यावरून त्यांचा पाय मुडपला.

ओढ्याच्या अलीकडे जांभळीचं झाड होतं. त्याखाली वामनराव पहिले बसले. "मी थकलो नाही," ते म्हणाले. "जरा निसर्ग बघतोय."

"मीही," यमुनाबाई म्हणाल्या आणि शेजारी पडल्या.

अप्पासाहेब आले, पाचवा आला, सहावा आला. थोड्याच वेळात आठही जण जांभळीखाली निसर्ग बघत होते. बूट काढून अनवाणी पळावं, असं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही. आठांच्या आठ जणांच्या मनात आलं. पण बूट काढायचे म्हणजे ते चुकीचे घेतले हे बाकीच्या सात जणांसमोर कबूल करायचं. त्यापेक्षा बसून राहणं सोपं होतं. शिवाय वामनरावांनी एकदा चोरून प्रयत्न केला होता. पाय सुजून बुटात असे बसले होते की निघेचनात.

आणि केरबानाना? केरबानाना पळत होते. तपकिरी रताळी टप टप पडत होती. ओढ्याचे गोटे, पलीकडचा चढ, सगळं त्यांना आज गवतासारखं लागत होतं. सुरुवातीला ते दर दहा पावलांना मागे बघत, कोण मागे राहिलं ते मोजत. एक राहिला, बरं झालं. तीन राहिले, फारच बरं झालं. मग अप्पासाहेबही मागे पडले. आणि ओढ्यानंतर नानांनी मागे पाहिलं तर वाट मोकळी. पुढे पाहिलं तर पुढेही मोकळी.

नाना सबंध आयुष्यात कधी पहिले आले नव्हते. शाळेत नाही, पळण्यात नाही, घरात तर नाहीच. त्यांच्या छातीत काहीतरी फुगायला लागलं. रेषा दिसली. रेषेपलीकडे बिबळेसाहेब खुर्चीत बसले होते. रेषेच्या अलीकडे, करवंदीपाशी, चंपाकाकू पाण्याचा भोपळा घेऊन उभी होती. ती वाटेकडे बघत होती, नानांच्या मागच्या वाटेकडे.

"अहो, थांबा," ती ओरडली. "मागं कुणीच नाही."

"तेच तर," नाना पळता पळता म्हणाले.

"अहो, पण कुणीच म्हणजे कुणीच नाही. इथं माझ्यापाशी बसा जरा. कुणीतरी येऊ दे."

"चंपे, पहिला येतोय मी."

"तेच सांगतेय तुम्हाला."

पण नानांना ते ऐकू गेलं नाही. त्यांना ग्रुपवरचा फोटो दिसत होता. त्यांनी छाती पुढे काढली, तिन्ही शिंगं ताठ केली आणि ऐटीत रेषा ओलांडली.

साहेबांनी स्वतः उठून पदक घातलं. कट, असा गुडघा वाजला. "केरबानाना, पहिला क्रमांक. अभिनंदन." नानांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. मुंगसेभाऊने फोटो काढला. प्रमाणपत्र दिलं. केळं दिलं.

मग सगळे पुढच्यांची वाट बघत बसले.

ऊन चढलं. साहेबांचं पोट गुरगुरलं. मुंगसेभाऊ ओढ्यापर्यंत जाऊन आला. "आठही जण जांभळीखाली बसलेत, साहेब. बूट निघत नाहीत, पाय उचलत नाहीत. आज येणार नाहीत म्हणतात."

"मग नाश्ता?" साहेबांनी विचारलं.

मुंगसेभाऊने वही काढली. पेन कानावरून उतरवलं. "नियम असा आहे, साहेब. रेषा ओलांडणाऱ्यांत जो शेवटचा, तो. ज्यांनी ओलांडलीच नाही ते धरायचे नाहीत. आज ओलांडली एकानेच."

नानांच्या घशात केळं अडकलं.

"पण मी पहिला आहे," ते म्हणाले.

"आहातच. ते कोण काढून घेतंय तुमच्याकडून?"

"मग शेवटचा कसा?"

"तुमच्यानंतर कुणी आलंय का?" मुंगसेभाऊने आपुलकीने विचारलं.

नाना रेषेवर धावले आणि जांभळीकडे तोंड करून सगळा जीव एकवटून ओरडले, "वामनराव, बूट कापून काढा. अनवाणी या. सरपटत या. मी सांगितलं ते सगळं खोटं होतं."

जांभळीखाली कुजबुज झाली. मग वामनरावांचा आवाज आला, शाळेत यायचा तसाच स्वच्छ. "नाना, पहिला क्रमांक मिळाला म्हणून इतक्यात आम्हाला हिणवू नका. बूट उत्तम आहेत. काम करतायत."

"यमुनाबाई, तुम्ही तरी या."

"मी निसर्ग बघतेय," यमुनाबाई म्हणाल्या.

चंपाकाकूने भोपळा खाली ठेवला. ती वाटेने दोन पावलं जांभळीकडे गेली, मग नानांकडे आली, मग मधेच उभी राहिली. कुणाला हाताला धरून आणावं तर जांभळ ओढ्यापलीकडे होती, आणि साहेब तर इथे उभेच होते.

साहेबांनी नानांच्या पाठीवर पंजा ठेवला. "चला नाना. पहिल्यांदाच असं होतंय, की विजेत्याला जेवू घालायचा योग आला." मग खाली बघून म्हणाले, "बूट तेवढे बाहेर काढा. आत कालच सारवलंय."

नाना वाकले. चारही बूट चटकन निघाले. मापाचे होते.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. चौतीस जणांनी हात जोडले. वामनरावांनी त्याखाली लिहिलं की नानांचा सल्ला हा आम्हा सर्वांना जीवदान ठरला, आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्या आठही जणांनी पाय गरम पाण्यात बुडवून बूट सोडवले, फोडांना हळद लावली आणि पुढच्या महिन्यासाठी अर्ध्या मापाने लहान बूट सांगून ठेवले. दिगूशेठने दुकानावर पाटी लावली : 'विजेत्याने सुचवलेले.' जनाक्काकडे एकच गिऱ्हाईक आलं. चंपाकाकू. चारही तपकिरी बूट परत घेऊन.

"ठेवून घे," ती म्हणाली. "कुणाला तरी बसतील."

"कुणालाच बसणार नाहीत," जनाक्का म्हणाली. "त्याच्या मापाचे होते."

तात्पर्य : म्हातारपणी पळायला निघताना बूट नीट निवडावेत, संध्याकाळी माप द्यावं, बोटांना जागा ठेवावी. आपल्याला गवसलेली ही युक्ती शेजाऱ्याला मात्र उलटी करून सांगावी, तसं सगळे सांगतातच. फक्त सांगताना हात जरा आखडता घ्यावा. एक तरी शेजारी लंगडत का होईना आपल्या मागून पोचला पाहिजे. सगळ्यांनाच बसवून ठेवलं, तर नाश्त्याला जाणार कोण?